सोलापुरातून परदेशी शिष्यवृत्तीकडे: दीड वर्षाच्या तयारीचा मार्ग

परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला किती दिवस लागतात, असे कोणी विचारले की मी दीड वर्ष असे सांगतो, आणि बहुतेकांना ती थट्टा वाटते. संगणकावरचा अर्ज दोन-तीन बैठकांत भरून होतो हे खरे आहे. परंतु त्यातील प्रत्येक रकान्यामागे जो कागद, जे पत्र किंवा जो अनुभव असावा लागतो, तो शेवटच्या आठवड्यात उभा करता येत नाही. सोलापुरातील विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे असे अर्ज मी काही वर्षे वाचत आलो आहे. ते वाचून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडचे अर्ज कमी गुणांमुळे किंवा कच्च्या इंग्रजीमुळे जितके पडतात, त्याहून अधिक दोन साध्या कारणांनी पडतात: कागदपत्रांतील नावे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अर्जदाराने केलेले काम अर्जात दिसतच नाही. म्हणून या लेखात या दोन गोष्टींवर मी अधिक वेळ थांबणार आहे.

प्रवेश आधी की शिष्यवृत्ती आधी

पहिला प्रश्न कोणती शिष्यवृत्ती मोठी हा नसून, ती कोणत्या क्रमाने मिळते हा आहे. काही योजनांत शिष्यवृत्ती आधी ठरते आणि विद्यापीठ नंतर, काहींत दोन्ही अर्ज समांतर चालतात, तर काहींत प्रवेशपत्र हातात असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. हा क्रम न समजल्यामुळे एक अख्खे वर्ष वाया गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्ती पहिल्या प्रकारची आहे. ती देणारे यूएसआयईएफ हे प्रतिष्ठान भारत आणि अमेरिका यांच्यातील १९५० च्या करारातून उभे राहिले. निवड झालेल्या उमेदवाराचे विद्यापीठांकडील अर्ज हेच प्रतिष्ठान पुढे नेते. पदवीनंतर किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव येथे आवश्यक असतो, आणि तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवी एकटी पुरत नाही. तिच्या जोडीला पदव्युत्तर शिक्षण लागते.

ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दुसऱ्या प्रकारची आहे. ब्रिटिश सरकारने १९८३ मध्ये सुरू केलेली ही योजना एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असून तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, अनुभव लागतो. अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामाचे तासही या हिशेबात धरले जात असल्याने, घरच्या व्यवसायात किंवा एखाद्या संस्थेत केलेल्या कामाची नोंद ठेवणे उपयोगाचे ठरते. अर्जदार चेव्हनिंगला तीन अभ्यासक्रम कळवतो आणि त्या विद्यापीठांकडे स्वतंत्रपणे प्रवेशासाठी अर्ज करतो. ब्रिटनच्याच राष्ट्रकुल (कॉमनवेल्थ) शिष्यवृत्तीला मात्र भारतीय अर्जदाराला शिक्षण मंत्रालयाच्या नामनिर्देशनाच्या वाटेनेही जावे लागते, तेव्हा दोन ठिकाणच्या दोन मुदती सांभाळाव्या लागतात. जर्मनीच्या डाड (DAAD) संस्थेची विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची योजना साधारण दोन वर्षांचा अनुभव मागते आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अपेक्षा ठेवते. शिकून बरीच वर्षे झालेल्यांनी ही अट आधी तपासावी. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचा अर्ज एकच असतो, अभ्यास किमान दोन देशांत होतो आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. या योजनेत अनुभवाची सरसकट अट नसल्याने, नुकत्याच पदवीधर झालेल्या आपल्याकडच्या मुलांसाठी मला ती सर्वांत योग्य वाटते. तरीही सोलापूरच्या वालचंद किंवा दयानंद महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाच्या मुलांपैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकलेले असते.

तिसऱ्या प्रकारात केंद्र व राज्य शासनाच्या योजना येतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्या वर्षाला ७५ जागा असतात आणि ती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत दिली जाते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. सेटलमेंट या विमुक्त जमातींच्या वस्तीतील किंवा कारागीर घरांतील मुलांना या शेवटच्या दहा जागांविषयी क्वचितच कोणी सांगते. इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी संस्थेची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची, तसेच आदिवासी आणि अल्पसंख्याक विभागांच्या योजना वेगवेगळ्या आहेत. शहराच्या पूर्वभागातील विणकर घरांत अनेकांकडे विशेष मागास प्रवर्गाचा दाखला असतो आणि तो केवळ नोकरीसाठी उपयोगी पडतो असा समज असतो. तो येथेही उपयोगी पडतो. या सर्व योजनांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान, उत्पन्नमर्यादा व गुणांची अट पाहिली जाते. या अटी शासन निर्णयांनी बदलत असल्याने गेल्या वर्षी निवड झालेल्या मित्राचा शब्द प्रमाण मानू नये. चालू वर्षाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. विनाअट प्रवेशपत्र बहुधा आधी लागते, त्यामुळे जाहिरातीची वाट पाहत बसलेला विद्यार्थी जाहिरात आली तेव्हाच उशीर करून बसलेला असतो.

याशिवाय जे. एन. टाटा एन्डॉवमेंट (स्थापना १८९२), के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया या न्यासांची मदत कर्ज-शिष्यवृत्तीच्या रूपात मिळते. नावात शिष्यवृत्ती असली तरी ती रक्कम फेडायची असते, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.

वर्षाचे गणित आपल्या सणांवर बसवावे

बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. त्याच्या आधीच्या वर्षी ऑगस्टमध्ये चेव्हनिंग खुली होते आणि ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीस बंद होते. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीची मुदत याच सुमारास संपते. इरॅस्मस मुंडसच्या बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीच्या आसपास असते. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना असे सांगतो: गुढीपाडव्याला कागदपत्रांची फाइल सुरू करावी, आषाढीच्या पालख्या जिल्ह्यात येतील तोवर पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत तक्ता) हातात असावेत, गणपतीत निबंधाचा दुसरा मसुदा तयार असावा, नवरात्रात तुळजापूरची वाट धरण्यापूर्वी ब्रिटनचे अर्ज पूर्ण झालेले असावेत, आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला इरॅस्मसचे अर्ज पाठवून मोकळ्या मनाने जावे. अर्जाची मुदत त्या त्या देशाच्या वेळेनुसार संपते आणि शेवटच्या रात्री संकेतस्थळ मंदावते, म्हणून खरी मुदत तीन दिवस आधीची समजावी.

नाव एकच असावे

माझा स्वतःचा पहिला अर्ज याच पायरीवर अडकला होता. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पदवी प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव संक्षिप्त. पासपोर्टवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तीन कागदांवर तीन माणसे आहेत असे परदेशातील तपासनिसाला वाटले, तर त्यात त्याची चूक नव्हती. दुरुस्ती होईपर्यंत मुदत निघून गेली आणि ते वर्ष गेले.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर दहावी, बारावी, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, जातीचा दाखला व अनुभवाचा दाखला यांवरील आपले नाव, इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख जशीच्या तशी उतरवावी. फरक कोठे आहे ते पाच मिनिटांत दिसते. सोलापुरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथील तेलुगू व कन्नड आडनावे मराठीत एका प्रकारे लिहिली जातात आणि इंग्रजीत तीन प्रकारे. एकाच घरातील दोन भावांची स्पेलिंग वेगळी असल्याचे मी पाहिले आहे. विवाहित महिलांचे शिक्षण माहेरच्या नावाने आणि नोकरी सासरच्या नावाने असते. अशा वेळी पासपोर्टवर जे नाव असेल तेच अर्जात प्रमाण धरावे, किरकोळ फरकासाठी एकाच व्यक्तीची ही दोन नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे आणि मोठ्या फरकासाठी राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी. राजपत्राला वेळ लागतो, तेव्हा हे काम सर्वांत आधीचे. शहराच्या नावाचेही तसेच आहे: जुन्या कागदांवर इंग्रजीत शोलापूर असते, नव्यांवर सोलापूर, अर्जात सर्वत्र एकच रूप वापरावे.

पासपोर्ट नसेल तर लगेच अर्ज करावा. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि टपाल खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रामुळे त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी घरचा पत्ता आधारवरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. भाड्याने राहणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

ट्रान्सक्रिप्टबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे आज चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांना ट्रान्सक्रिप्टसाठी केगावच्या सोलापूर विद्यापीठात न जाता कोल्हापूरला अर्ज करावा लागतो. २०१९ मध्ये विद्यापीठाच्या नावात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव जोडले गेले, तेव्हा २०१८ ची पदवी आणि २०२० ची पदवी यांवर विद्यापीठाची दोन नावे दिसतात. अर्जात ही एकच संस्था असल्याचे एका वाक्यात सांगून टाकावे. ट्रान्सक्रिप्टच्या किमान चार मोहोरबंद प्रती घ्याव्यात, आणि श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्र विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्रावर मिळवावे. स्वतःच्या मनाने गुणिले दहा करू नये. मूळ पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर घेतलेच नाही, ते विद्यापीठातच पडून आहे, असे सांगणारेही दर वर्षी भेटतात.

शासकीय योजनांसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रिमीलेअर व जात वैधता प्रमाणपत्र लागते. यांपैकी वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो. पणजोबांच्या शाळेचा जुना उतारा शोधण्यात उन्हाळा जातो, आणि तेलंगणातून किंवा कर्नाटकातून स्थलांतर झालेल्या कुटुंबांत तो उतारा कोणत्या गावी आहे येथूनच शोधाला सुरुवात होते. मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून नोटरी करावे. काही देश पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मानला जाणारा शासकीय शिक्का, मागतात. त्यासाठी कागद आधी राज्य शासनाकडे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो.

इंग्रजीची परीक्षा

आयईएलटीएस आणि टोफेल यांचे निकाल दोन वर्षे ग्राह्य असतात. आयईएलटीएसला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, त्यामुळे वरची पायरी चुकली की हीही चुकते. चेव्हनिंग स्वतः हा निकाल मागत नाही, परंतु विद्यापीठ मागते. परीक्षा पुण्यात दिल्यास आदल्या दिवशी हुतात्मा किंवा इंद्रायणी एक्सप्रेसने जाऊन मुक्काम करावा. पहाटे निघून तीन तासांचा पेपर देण्याचे धाडस करू नये. मराठी माध्यमातून आलेल्यांना लेखनापेक्षा श्रवण आणि संभाषण अवघड जाते, असा माझा अनुभव आहे, आणि त्यावर महागड्या शिकवणीपेक्षा रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजीत बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकणे अधिक गुणकारी ठरते. स्वतःचा आवाज ऐकायला पहिले आठ दिवस लाज वाटते, नंतर वाटत नाही.

निबंध: केलेले काम कागदावर दिसले पाहिजे

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. नेतृत्व, इतरांशी जोडलेले संबंध, हाच अभ्यासक्रम का आणि परत आल्यावर काय करणार, असे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सर्व योजना विचारतात. आपल्याकडचे उत्तर बहुधा असे सुरू होते: "लहानपणापासूनच मला पर्यावरणाची आवड होती आणि समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ होती." हे वाक्य खोटे नसते, पण ते कोणीही लिहू शकतो, आणि जे कोणीही लिहू शकतो त्याला निवड समिती गुण देत नाही.

समजा, अर्जदार अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत काम करणारी पर्यावरण अभियंता आहे. तिने असे लिहावे: "सोलापूर हे टॉवेल आणि चादरी विणणारे शहर आहे. दोन वर्षे मी येथील सहा रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने दर पंधरवड्याला घेतले. क्षाराचे प्रमाण नेहमीच्या प्रक्रियेने कमी होत नाही हे नोंदींवरून दिसल्यावर, मी दोन मालकांना एकत्र बसवून सामाईक टाकीचा प्रस्ताव मांडला. एकाने नकार दिला; दुसऱ्याकडे सहा महिन्यांचा प्रयोग झाला." या उताऱ्यात स्वतःच्या कौतुकाचे विशेषण एकही नाही. ठिकाण आहे, मुदत आहे, अडचण आहे, तिने स्वतः उचललेले पाऊल आहे, आणि अर्धे अपयशही आहे. ते अपयश लिहायला आपली माणसे घाबरतात, परंतु वाचणाऱ्याला त्यामुळेच बाकीचे खरे वाटते. पुढचा परिच्छेद आपोआप सुचतो: क्षार वेगळे करण्याचे जे तंत्र येथे शिकता आले नाही, ते अमुक विद्यापीठातील अमुक विषयात शिकवले जाते, म्हणून तेथे जायचे आहे. अभ्यासक्रमाच्या पानावरील विषयांची नावे वाचून, त्यांपैकी दोन आपल्या कामाशी जोडून दाखवावीत. विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे हे त्या विद्यापीठाला सांगण्याची गरज नसते.

येथे आपल्या भाषेची एक सवय आड येते. मराठी माणूस स्वतः केलेले कामही "आम्ही केले" किंवा "आमच्याकडून झाले" असे सांगतो. "मी केले" म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. ही सवय व्यवहारात चांगली आहे, पण या निबंधात ती घातक ठरते, कारण समितीला नेमके अर्जदाराने काय केले हेच पाहायचे असते. मसुदा झाल्यावर प्रत्येक "आम्ही" खाली रेघ ओढावी आणि त्या कामातील आपला वाटा किती, हे प्रामाणिकपणे विचारून वाक्य पुन्हा लिहावे. दहा जणांनी केलेले काम एकट्याचे म्हणून सांगू नये. मुलाखतीत ते दोन प्रश्नांत उघडे पडते.

वाचणारा सोलापूर ओळखत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तालुका, जिल्हा परिषद, राष्ट्रीय सेवा योजना, बचत गट हे शब्द त्याला अर्थहीन आहेत. प्रत्येकाचा अर्थ पहिल्या वेळी चार शब्दांत सांगावा. लाख आणि कोटी त्याला कळत नाहीत, म्हणून रकमा त्याच्या पद्धतीने लिहाव्यात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, हे आपल्याला सांगण्यासारखे वाटत नाही. पाणी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्याने मात्र ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे.

परत येऊन काय करणार, या प्रश्नाला "देशाची सेवा" हे उत्तर पुरत नाही. कोणत्या कार्यालयात, कोणत्या पदावर, पहिल्या दोन वर्षांत काय आणि पाचव्या वर्षी काय, असे लिहावे. चेव्हनिंगमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे, फुलब्राइटच्या व्हिसालाही दोन वर्षे परतून राहण्याचा नियम लागतो. तेव्हा परतण्याचा बेत केवळ निबंधापुरता असेल तर या योजनांच्या वाटेला जाऊ नये आणि दुसऱ्याची जागा अडवू नये.

निबंध दुसऱ्याकडून किंवा संगणकीय साधनाकडून लिहून घेऊ नये. नैतिकतेचा प्रश्न आहेच, पण व्यवहाराचाही आहे: नक्कल तपासली जाते, आणि एकाच एजंटने लिहिलेले वीस निबंध एकसारखेच वाचले जातात. मसुदा आधी मराठीत लिहून, मग इंग्रजीत नव्याने लिहिला तरी चालतो, मात्र ओळीला ओळ भाषांतर करू नये. किमान पाच मसुदे व्हावेत, आणि त्यांपैकी एक आपल्या विषयातील काहीही न कळणाऱ्या माणसाला वाचायला द्यावा.

शिफारसपत्रे

"तूच लिहून आण, मी सही करतो," हे वाक्य आपल्याकडच्या महाविद्यालयांत नवे नाही. सर प्रेमापोटीच तसे म्हणतात, परंतु अशा पत्रात आणि निबंधात एकच शैली दिसते. त्याऐवजी शिक्षकांना किमान सहा आठवडे आधी भेटावे, आणि एका पानावर आपण त्यांच्याकडे कोणता विषय शिकलो, कोणता प्रकल्प केला, कोणत्या शिष्यवृत्तीला अर्ज करतो आहोत व तिची मुदत काय, हे लिहून द्यावे. पत्र त्यांनीच लिहावे. संस्थेचे अध्यक्ष किंवा आमदार यांच्या पत्राने काही साधत नाही. ज्यांनी आपले काम डोळ्यांनी पाहिले आहे त्या कनिष्ठ प्राध्यापकाचे पत्र अधिक वजनदार ठरते.

अनेक विद्यापीठे शिफारसकर्त्याला थेट ईमेलवर दुवा पाठवतात आणि संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता मागतात. काही शिक्षकांकडे असा पत्ता नसतो, किंवा असला तरी तो कधी उघडलेला नसतो. हा पत्ता प्राचार्यांच्या कार्यालयाकडून आधीच सुरू करून घ्यावा, दुवा पोहोचला का हे स्वतः जाऊन विचारावे, आणि तो स्पॅममध्ये पडला नाही ना ते सरांच्या शेजारी बसून पाहावे. यात संकोच करू नये.

शिकवायला जाणाऱ्यांसाठी

परदेशी जाण्याचे मार्ग केवळ विद्यार्थ्यांसाठी नाहीत. फुलब्राइटच्या परदेशी भाषा अध्यापन सहायक योजनेत तरुण शिक्षक अमेरिकेतील विद्यापीठात नऊ महिने आपली भाषा शिकवतात. हिंदी, उर्दू, तेलुगू, बंगाली अशा भाषांची यादी जाहिरातीत दिलेली असते आणि तीनुसार अर्ज करायचा असतो. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू, शाळेत मराठी अशी वाढलेली सोलापूरची शिक्षिका या योजनेसाठी किती योग्य आहे, हे तिला स्वतःला क्वचित ठाऊक असते. बहुभाषिक असणे हा आपल्याकडे गुण समजला जात नाही, ती नुसती राहणी असते. अर्जात मात्र तो पहिला गुण म्हणून मांडावा, आणि त्या भाषेचे वाचन-लेखन येत नसेल तर अर्जापूर्वी वर्षभर ते शिकावे.

माध्यमिक शिक्षकांसाठी फुलब्राइटची सहा आठवड्यांची अध्यापन गुणवत्ता योजना आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी अध्यापन, संशोधन किंवा दोन्हींची अधिछात्रवृत्ती आहे. जपान सरकारची मेक्स्ट शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्ती सुमारे दीड वर्षाची असून, पस्तिशीच्या आतील आणि शाळेत किमान पाच वर्षे शिकवलेल्या शिक्षकांना ती खुली आहे. तिचा अर्ज जपानच्या दूतावासामार्फत करावयाचा असतो.

नोकरीतील शिक्षकाने रजेचा प्रश्न निवडीनंतर नव्हे, अर्जाच्या दिवशीच हाती घ्यावा. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीही मिळाली. तरी जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेचा विषय वृत्तपत्रांत गाजला होता. इतक्या नामवंत शिक्षकाच्या बाबतीत तो विषय निघतो, तर इतरांनी कागद किती आधी हलवावेत हे सांगायला नको. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे आणि तिच्यासोबत परत येऊन सेवा करण्याचा बंधपत्राचा करार येतो. खाजगी अनुदानित संस्थेतील शिक्षकाने संस्थेचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता या क्रमाने जावे, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि आवक क्रमांक लिहून ठेवावा. पासपोर्टसाठी कार्यालयाला पूर्वसूचनेचे पत्र देणे वेगळे आणि परदेशी जाण्याची परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे होत नाही.

मुलाखत

मुलाखत ऑनलाइन असल्यास घरातून देण्यापेक्षा महाविद्यालयातील इन्व्हर्टर असलेली खोली मागून घ्यावी, आणि मोबाइलचे दुसरे इंटरनेट तयार ठेवावे. मुंबईत असल्यास सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी थेट मुलाखतीला जाणे टाळावे. तयारीसाठी अर्ज छापून त्यातील प्रत्येक वाक्याच्या पुढे "कसे?" आणि "कशावरून?" असे लिहावे आणि त्यांची उत्तरे तोंडी द्यावीत, कारण प्रश्न बहुधा तेथूनच येतात. पाठ केलेले उत्तर परीक्षकाला दुसऱ्या वाक्यात कळते. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करावी. न समजता दिलेल्या लांब उत्तराने अधिक नुकसान होते. उच्चार सोलापुरी असण्याची चिंता करू नये, फक्त सावकाश बोलावे. आपण सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावची माणसे फार भराभर बोलतो.

पैसा

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरी सुरुवातीचा खर्च स्वतःचा असतो: इंग्रजीची परीक्षा, ट्रान्सक्रिप्ट, काही विद्यापीठांचे अर्जशुल्क, भाषांतर, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या. शासकीय योजनेत शिक्षणशुल्क विद्यापीठाला मिळते आणि निर्वाहभत्ता हप्त्यांनी येतो. हप्ता लांबला तर दोन-तीन महिन्यांचे घरभाडे भागेल इतकी तजवीज निघण्यापूर्वी करावी. शैक्षणिक कर्जाची फाइल बँकेत समांतर चालू ठेवावी आणि शिष्यवृत्ती आली की थांबवावी. जर्मनीला जाणाऱ्यांनी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र आपल्याला लागू आहे का ते पाहावे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी ते सर्वसाधारणपणे सक्तीचे झाले आहे.

फुलब्राइट, चेव्हनिंग, राष्ट्रकुल, इरॅस्मस मुंडस किंवा मेक्स्ट यांपैकी कोणतीही योजना शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी शुल्क घेत नाही. निवड करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो माणूस ओळखीचा असला तरी त्याला पैसे देऊ नयेत.

पहिल्या वर्षी निवड झाली नाही, तर त्याच निबंधात तारखा बदलून तो पुन्हा पाठवू नये. अनेकांची निवड दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात होते, परंतु मधल्या वर्षात काहीतरी नवे काम झालेले असते म्हणून ती होते. नकाराचा ईमेल आल्यावर आठ दिवसांनी जुना अर्ज काढावा, ज्या परिच्छेदात स्वतःचे काम दिसत नाही त्याच्या कडेला खूण करावी, आणि ती जागा भरण्यासाठी या वर्षी कोणत्या कारखान्यात, शाळेत किंवा कार्यालयात जायचे आहे ते तेथेच लिहून ठेवावे.